सगळ्यात लहान नाण्याचं बारसं

ऑफिस छोटं असलं की किस्से जास्त साचतात, असा माझा अनुभव आहे. मोठ्या ऑफिसात ज्याचं त्याचं टेबल वेगळं, त्यामुळे ज्याची त्याची फजिती त्या टेबलापाशीच राहते. आमच्याकडे चौघांत दोन टेबलं आणि एक पंखा. एकाचं काही झालं की ते संध्याकाळपर्यंत चौघांचं होतं.

ऑफिस नंदुरबारात, एका मिरची गोडाऊनच्या वर. मालक दिनेशदादा, पूर्वी कॉम्प्युटर क्लास घ्यायचे. डिझाइनला शहाद्याचा कल्पेश, टेस्टिंगला मी, म्हणजे सारंगखेड्याचा, आणि कोडिंगला मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची रमिला. खाली मिरचीची पोती हलली की वर व्हिडिओ कॉलवर आम्ही चौघं एकदम शिंकतो. परदेशातली मंडळी पहिल्या महिन्यात काळजीने औषधं सुचवायची, आता शिंका संपेपर्यंत शांत थांबतात.

काम एका क्रिप्टो नाण्याचं. नाणं आमचं नव्हे हो, जगभरातले लोक मिळून ते कोड लिहितात आणि त्यातलं तपासणीचं काम आमच्याकडे येतं. त्या नाण्याचे दहा कोटी तुकडे होतात. त्यातला जो सगळ्यात लहान तुकडा, ज्याचा पुढे तुकडा होत नाही, त्याचं नाव ठेवायची पाळी गेल्या डिसेंबरात आमच्यावर आली. त्या एका आठवड्याचे हे किस्से.

*

पाळी आली ती रमिलामुळे.

एक नाणं तिघांत वाटलं की शेवटी एक तुकडा उरायचा, आणि तो कोणाच्याच खात्यावर दिसायचा नाही. हे पहिल्यांदा मलाच दिसलं होतं. मी रिपोर्टात लिहिलं, ‘किरकोळ फरक, दुर्लक्ष करावे.’ इतका किरकोळ की असे लाखो तुकडे जमवले तरी त्यात कटिंग चहा येणार नाही.

रमिलाने तो रिपोर्ट वाचला आणि अकरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. दादा चिडले. कल्पेशने तिला समजावलं की बाई, एवढ्याशा गोष्टीने कोणाचं काय जातं? ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, “कोणाचा तरी असेल ना तो?”

बाराव्या दिवशी सापडला. पुढचा व्यवहार सुरू होताना यंत्र मागचा उरलेला तुकडा पुसून टाकायचं. जगभरातल्या एवढ्या डोक्यांच्या नजरेतून जे सुटलं, ते गोडाऊनच्या वर बसलेल्या या मुलीने पकडलं होतं. कॉलवर तिकडच्या प्रमुख बाईंनी ते तिच्याकडून दोनदा समजून घेतलं. मग म्हणाल्या, त्या तुकड्याला अजून नाव नाही, ते तू ठेव. मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. इंग्रजीत पाच अक्षरांच्या आत बसलं पाहिजे, माणसाचं, देवाचं किंवा कंपनीचं नाव चालणार नाही. आणि एकदा कोडमध्ये गेलं की कायमचं.

मी त्या दिवशी माझा रिपोर्ट पुन्हा उघडून बघितला. अजूनही बघतो कधी कधी.

*

रमिलाच्या मनात नाव पहिल्या मिनिटापासून ठरलेलं होतं. लाह.

तिच्याकडे सातपुड्यात एखाद्याचं शेत कापायचं असलं, घर उभारायचं असलं की अख्खा पाडा येतो. मजुरी नाही, दुपारचं जेवण फक्त. उद्या दुसऱ्याकडे काम निघालं की तुम्ही जायचं. ही लाह. रमिला अकरावीला असताना तिचा बाप महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडावरून पडला आणि कमरेतून गेला. ती शाळा सोडून शेतात उतरणार होती. पाड्याने उतरू दिलं नाही. तीन वर्षं पेरणी, निंदणी, कापणी, सगळं लाह करून. तेवढ्यात ती बारावी झाली, नाशिकला इंजिनिअरिंगला लागली.

बाप पुढे बरा झाला, तो आता सगळ्यांकडे जातो. पण रमिला आठ वर्षांत एकाही लाहेला गेलेली नव्हती. आधी परीक्षा, मग नोकरी. हे तिने मला एकदाच सांगितलं, जिन्यात, चप्पल घालता घालता. म्हणाली, “बापाचं तो फेडतो. माझं तसंच राहिलं. पाड्यात मला आता धरत असतील की नाही, कोण जाणे.”

तिला वाटत होतं, एवढं एक नाव तरी त्यांचं लागावं. पण दित्याबाबांना विचारल्याशिवाय ती देणार नव्हती. दित्याबाबा म्हणजे पाड्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ, आणि त्यांच्याकडे फोन नाही. सायसिंगकाकांच्या ज्वारीची कापणी शुक्रवारी होती, तेव्हाच गाठ पडणार. तोपर्यंत आमचे चार दिवस रिकामे होते, आणि रिकामा कल्पेश फार धोकादायक.

*

सोमवारी दादांनी नाव ठेवायचं म्हणून थेट आपल्या आईलाच ऑफिसात आणलं. त्यांच्या भावकीतल्या प्रत्येक पोराचं नाव मायने पंचांग बघून काढलेलं आहे. दोन जिने चढून आल्या, खाली बसल्या, पंचांग उघडलं आणि जन्मवेळ विचारली.

आता नाण्याची पहिली नोंद कोणत्या सेकंदाला झाली हे तर कोडमध्येच लिहिलेलं असतं. कल्पेशने सेकंदासकट वाचून दाखवली. माय फार खूश झाल्या. इतकी पक्की वेळ त्यांना आजवर कोण्या बाळंतिणीने सांगितली नव्हती.

मग त्यांनी जन्मगाव विचारलं. दादांनी जमेल तसं समजावलं की माय, त्याला गाव नाही, ते जगातल्या हजारो मशिनींवर एकाच वेळी सुरू झालं, आणि यातली कितीही बंद पडली तरी बाकीच्यांवर ते राहतंच.

मायने सगळं ऐकून घेतलं. मग पंचांग मिटलं, दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. “सगळीकडे एकच टाइमले जन्मनं? मंग ते मन्हं काम नही, दादा.” आणि निघाल्या. जाताना कॉम्प्युटरला नमस्कार करून गेल्या. तेव्हापासून दादा त्या टेबलावर पाय ठेवत नाहीत.

*

मंगळवारी मी आणि कल्पेश सोनारगल्लीत गेलो. लहानात लहान माप विचारायचं तर सोनारालाच. तिथे एक म्हातारे सोनार आहेत, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे. त्यांनी डबीतून गुंजा काढून दाखवल्या, लाल, काळ्या टिपक्याच्या. मी विचारलं, गुंजेपेक्षा लहान काय? म्हणाले, गुंजेच्या खाली माप नाही, धूळ.

ती धूळसुद्धा कुठे जात नाही हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुकानाचा केर ते वर्षभर साठवतात आणि त्यातून सोनं काढणारे लोक येऊन तो विकत घेऊन जातात. कल्पेशला हसू आवरेना. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. म्हाताऱ्याने समोर कागद पसरला, बारीक ब्रश घेतला आणि मान वाकवून आपल्या मिशा झाडल्या. मग भुवया. मग कागदाची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली.

कल्पेश म्हणाला, बाबा, मिशीत असून असून कितीसं असणार?

“कितलं बी राहो,” म्हातारा म्हणाला. “गिऱ्हाइकनं सोनं मन्ही मिशीम्हा घर नको जावाले.”

रमिलाला हे सांगितलं तेव्हा ती एकदम खुर्चीतून उठली. त्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला, आपल्यासारखं डोकं असलेलं कोणीतरी भेटल्याचा. दुसऱ्या दिवशी ती त्या सोनाराला नुसतं बघून आली.

*

गोडाऊनमध्ये मिरचीचे देठ खुडायला बायका बसतात. त्यात सिंधूताई म्हणून एक आहेत, त्यांची बोटं मशिनीपेक्षा जोरात चालतात आणि तोंड बोटांपेक्षा. कल्पेशने त्यांना मिरचीचं बी दाखवून विचारलं, ताई, याच्यापेक्षा लहान काही सांगा ना.

ताईंनी बी हातात घेऊन कल्पेशकडे निरखून बघितलं. “डोयाम्हा जाऊ दे हाई. मंग सांगजो ल्हान शे का मोठं.”

कल्पेशने बी ठेवून दिलं.

*

बुधवारी सारंगखेड्याची यात्रा. आमच्या गावाचा घोडेबाजार साऱ्या देशात प्रसिद्ध, त्यामुळे मी दादांना आणि कल्पेशला मिरवत घेऊन गेलो. तिथे जुने व्यापारी अजून रुमालाखाली सौदा करतात. दोघांचे हात रुमालाखाली, बोटांनी भाव, तोंडातून शब्द नाही. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि भाव फक्त दोघांना कळतो.

माझे मामा घोड्यांतले जाणकार. त्यांनी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला सांगितलं की या पोरांना सगळ्यात लहान खूण कोणती ते दाखव. व्यापाऱ्याने रुमाल टाकला. कल्पेशने उत्साहात हात घातला आणि व्यापाऱ्याने काही दाखवायच्या आधीच आपली दोन बोटं त्याच्या हातात दाबली.

मामांचा चेहरा उतरला. समोर उभ्या काळ्या घोडीचा तो दोन लाखांचा भाव होता, आणि रुमालाखाली दिलेलं बोट परत घेत नाहीत. व्यापारी हात न सोडता डोळे मिटून बसला. कल्पेश आईशप्पथ पांढरा पडला होता.

मग म्हाताऱ्याने अलगद रुमाल उचलला. “घोडा लेणारना हात गरम ऱ्हास,” म्हणाला. “तुन्हा थंडा शे, भाऊ. जाय, जिलेबी खाय.”

चाळीस वर्षं तो माणूस लोकांची मनं तळहाताने वाचतोय. आमच्या नाण्यात कोण खरा घेणारा हे ओळखायला केवढी यंत्रणा लावलेली असते! कल्पेश जिलेबी खाऊन आला, पण दिवसभर हात खिशातच ठेवून होता.

*

शुक्रवारी मी रमिलाबरोबर गेलो. मोलगीपर्यंत जीप, मी मागे लटकून, पुढे तासभर पायी. अकरा वाजता शेतावर पोचलो. उतारावरची ज्वारी, वीस-बावीस माणसं ओळीने कापत चढत होती. रमिलाने बॅग बांधावर ठेवली, कोणाचा तरी विळा घेतला आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली. कोणी ‘ये’ म्हटलं नाही, कोणी ‘कशी आलीस’ विचारलं नाही. हेच तिला लागलं असावं. आठ वर्षांत हाताची सवय मोडली होती, अर्ध्या तासात तिच्या बोटाला चिंधी बांधावी लागली.

दित्याबाबा कापत नव्हते. त्यांना नीट दिसत नाही. ते दगडावर बसून मधूनमधून ओरडून पाखरं उडवत होते. दुपारी सगळे सावलीला आल्यावर रमिला त्यांच्यापुढे जाऊन बसली आणि त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. मला ती मधेमधे मराठीत सांगत होती. नाणं, त्याचे तुकडे, शेवटचा तुकडा, आणि त्याला द्यायचं नाव.

बाबांनी नाव ऐकलं आणि मान हलवली. नाही.

रमिलाने कारण विचारलं. ते चार शब्द बोलले. ते मला सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता. “म्हणतात, सगळ्यात लहान म्हणजे एकच ना? एकट्याची लाह कशी होईल?”

बरोबरच होतं ते. मी घड्याळ बघितलं, दोन वाजत आले होते. चार दिवस तिने दुसरं नाव मनात येऊ दिलं नव्हतं.

तेवढ्यात जेवणाची पंगत बसायला लागली. सायसिंगकाकांच्या बायकोने पळसाची पानं मांडली, एकेकाला एकेक. जो सकाळपासून पुढे कापत होता त्यालाही एक, आणि पाखरं उडवणाऱ्या दित्याबाबांनाही एक. मलासुद्धा मांडलं, मी तर नुसता बांधावर बसून होतो. रमिला बसली नाही. मी वाढते म्हणाली, आणि भाकरीची टोपली उचलली.

वाढत वाढत ती शेवटापर्यंत गेली आणि थांबली. सगळे बसले होते, तरी एक पान रिकामं होतं. तिने सायसिंगकाकांना विचारलं, कोण यायचं राहिलंय? काकांनी घास तोंडात असतानाच तिच्याकडे बोट केलं. ती म्हणाली, पण मी येणार हे कोणाला माहीत नव्हतं.

उत्तर दित्याबाबांनी दिलं, पानावरून मान वर न करता. ते तिने मला लगेच सांगितलं नाही. टोपली खाली ठेवली, पदराने तोंड पुसल्यासारखं केलं, मग सांगितलं.

“म्हणतात, दर लाहेला मांडतो. आठ वर्षं झाली. तू नव्हतीस, तुझं पान होतं.”

मी विचारलं, मग त्यावरचं जेवण? तिने ते बाबांना विचारलं. वाटेने जो कोणी जात असेल त्याला हाक मारायची, एवढंच ते म्हणाले, आणि डाळ मागितली.

रमिला त्या पानावर बसली. भाकरी घेतली, डाळ घेतली, एक घास खाल्ला. आणि एकदम उठून उष्ट्या हाताने टेकडीकडे पळत सुटली. रेंज फक्त वरच्या महूपाशी येते. मी मागून धापा टाकत पोचलो तेव्हा तिने डाव्या हाताने चार इंग्रजी अक्षरं टाइप केलेली होती, पी, ए, ए, एन. मी वाचलं. तिने पाठवून दिलं.

तिकडून मिनिटाच्या आत प्रश्न आला, सुंदर आहे, याचा अर्थ काय?

रमिलाने फोन माझ्या हातात दिला आणि उतारावरून खाली निघाली. तिचं जेवण राहिलं होतं.