तांब्याची पट्टी घेऊन सोलापूर ते इंदूर

इंदूरला लोक खायला जातात. मी दोन पट्ट्या मोजून घ्यायला गेले. नखाएवढ्या, एक सोन्याचा मुलामा दिलेली आणि एक तांब्याची. दोन्हींवर एकाच चुंबकी रेणूचा थर, डोळ्यांना न दिसणारा. सोन्यावर या रेणूचं चुंबकत्व टिकतं, तांबं मात्र त्याला आपले इलेक्ट्रॉन देऊन ते मारतं, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत होते. माझी पीएचडी एवढ्यावरच अडली होती आणि इंदूरच्या एका प्रयोगशाळेतल्या यंत्राची वेळ मोठ्या मिनतवारीनं मिळाली होती.

निघण्याआधी मोहोळला घरी थांबले. पट्ट्यांची डबी आईनं देवघरात ठेवली. आमच्याकडे महत्त्वाची वस्तू आधी देवापुढे जाते, माझा दहावीचा निकालही गेला होता. मग शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि डबी घेऊन सोलापूरहून स्लीपर बस पकडली.

रस्ता तुळजापूर, बीड, धुळे असा. धुळ्यापर्यंत तक्रार नाही. पुढे बिजासन घाटात ट्रक अडले की आपणही अडतो, पाणी जवळ ठेवा. शेजारच्या काकांनी डबीत काय म्हणून विचारलं. चुंबक म्हटल्यावर त्यांनी मोबाइल उशाखालून काढून पायाशी ठेवला.

इंदुरात स्टँडजवळच पोहे-जिलेबी खाल्ली. प्रयोगशाळेतल्या यंत्रात पट्टी भयंकर थंड करून मोजतात. पडद्यावर सोन्याची रेघ छान वर चढली. तांब्याची सपाट. अगदी शून्य. मी सोलापूरला माझ्या मार्गदर्शक सरांना फोन केला. ते म्हणाले, लिहायला घ्या. मला इतका आनंद झाला की मी पुन्हा जिलेबी घेतली.

परतीच्या बसमध्ये आईचा फोन आला.

"तांब्याची पट्टी लई काळपट पडलेली की. ताम्हणासंगं चिंच लावून घासली. चमक बघून तितले साहेब काय म्हणले?"

काही नाही म्हणाले, मी म्हटलं. आणि सोन्याची?

"सोन्याला कुणी चिंच लावतं व्हय?"

म्हणजे थर चिंचेबरोबर मोरीत गेला होता. मी नुसतं तांबं मोजून आले होते आणि त्यात मोजण्यासारखं काही नसतंच. धुळ्यापर्यंत मी हाच विचार करत होते की हे कुणालाही कळणार नाही, उत्तर तर हवं तेच आलंय. रडूही आलं. बीडला चहाला उतरले आणि सरांना सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सोनं तरी शाबूत आहे ना?"

आता नवी पट्टी तयार आहे, यंत्राच्या रांगेत पुन्हा नाव लागलंय. आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं डबी देवापुढे ठेवली, कुंकू शेजारच्या पाटाला लावलं आणि तिथंच हात मागे धरून उभी राहिली. तांबं चुंबकत्व मारतं की नाही, मला अजून माहीत नाही.