गुरुवारचा छापा

नोकरीत मी जुगाराच्या अड्ड्यांवर बरेच छापे घातले. त्यातले बहुतेक विसरलो. ज्या छाप्यात ना पत्ते सापडले ना आरोपी, तो मात्र अजून मनातून जात नाही.

चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी ते बाजाराचे गाव होते. फौजदार म्हणून माझी पहिली नेमणूक तिथल्याच चौकीत झाली. कोणाच्या तरी घरून माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि वांग्याचे भरीत यायचे. कोणाच्या घरून, हे विचारायचे नाही अशी रीत. भांडणे भरपूर, पण तावातावाने फिर्याद देणारा माणूस थोड्याच वेळात परत येऊन ‘मिटलं साहेब’ म्हणायचा. मला ते गाव फार आवडायचे.

पुढे तालुक्याच्या ठाण्यात प्रभारी निरीक्षक म्हणून आलो, त्याच्या आदल्याच पावसाळ्यात डोंगरातून उतरलेल्या पुराने ते गाव नेले होते. वाचलेली माणसे माळावरच्या नव्या वसाहतीत गेली. जुन्या गावात पडक्या भिंती कोसळत होत्या, म्हणून प्रवेशबंदी होती.

एके दिवशी खबऱ्या आला. “साहेब, दर गुरुवारी दुपारी जुन्या गावात माणसं बसतात. वाटेवर एक जण पाळतीला असतो. जुगारच असणार.”

गुरुवारी दोन पंच आणि महिला पोलीस घेऊन आम्ही निघालो. जागेला वेढा दिला. वाटेवरच्या पाळतीच्या माणसाने हाक दिली, पण कोणी पळाले नाही. चिखल वाळलेल्या बाजारपेठेत पंधरा-वीस बाया-माणसे दोन रांगांत समोरासमोर बसली होती. झडती घेतली. पिशव्यांत थोड्या मिरच्या, दोन-चार केळी, एक चहाची किटली निघाली. पंच माझ्याकडे पाहू लागले.

बायांना ठाण्यात नेण्याऐवजी जागेवरच चौकशी करायचे ठरवले. मिरच्या घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या अक्कांना विचारले, “अक्का, इथे काय चालते?”

“काही नई साहेब. बठ्ठा बसतस.” सगळे नुसते बसतात, एवढेच त्यांचे म्हणणे.

“इथे यायला बंदी आहे, ठाऊक आहे?”

“ठाऊक शे.”

पुढे काही बोलेनात. इतरांचेही तेच. चौकशीत माणूस गप्प झाला की मी आजूबाजूला पाहतो. अक्कांच्या शेजारची जागा झाडून स्वच्छ केलेली होती, पण तिथे कोणीच बसले नव्हते.

“ही जागा कोणाची?”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. “मन्ही जाऊनी. बांगड्या ईके ती. पानी उनं तवय घरमाच व्हती.” जागा त्यांच्या जावेची होती; ती बांगड्या विकायची, आणि पुराचे पाणी आले तेव्हा ती घरातच होती.

गुरुवार हा इथल्या बाजाराचा वार, हे तेव्हा मला आठवले. मग अक्का आपणहून बोलल्या. नव्या वसाहतीत घरे चिठ्ठ्या टाकून वाटली होती. “तठे मन्हा शेजारले कोन शे, माले ठाऊक नई. आठे उनू म्हंजे बठ्ठा सापडतस.” इथे आले की सगळे सापडतात. माझ्याकडे निरखून पाहत त्या म्हणाल्या, “तुमी चौकीना ओटावर बसेत. जवान व्हतात तवय.”

मी चौकीच्या दिशेने पाहिले. तिथे नुसती वाळू होती.

तेवढ्यात मागची एक भिंत धाडकन ढासळली. कोणी जागचे हलले नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

“मी तुमच्यावर गुन्हा दाखल करणार नाही,” मी म्हणालो. “पण इथे तुम्हाला मरूही देणार नाही. बाजार वसाहतीत भरवा. परवानगी मी आणतो.”

चहाची किटली घेऊन बसलेले, जुन्या गावातले हॉटेलवाले नाना म्हणाले, “तो बजार आमना नई, साहेब.”

“बाजारात बसायला शेजारी तर तेच असतील ना?”

नानांनी अक्कांकडे पाहिले. शेवटी अक्का उठल्या, तेव्हा बाकीचेही उठले.

ठाण्याच्या दैनंदिनीत ‘जुगार आढळला नाही, समज देऊन लोकांना बाहेर काढले’ अशी नोंद केली. तहसीलदारांकडे हेलपाटे घालून वसाहतीच्या मोकळ्या जागेची परवानगी मिळवली. पहिल्या बाजाराला मी गणवेशातच गेलो आणि अक्कांकडून मिरच्या घेतल्या. त्यांनी तोलून वर एक मूठ टाकली.

“आता बरे वाटते का?” मी विचारले.

“बजार शे,” त्या म्हणाल्या. “गाव नई.”

खोटा धीर द्यावा असे मला वाटले नाही. मी तिथेच थोडा वेळ बसलो.

घरातले माणूस गेले की लोक भेटायला येतात, सुतक पाळतात. गाव गेले की पंचनामे होतात, पण त्याच्यासाठी रडायला कोणी एकत्र बसत नाही. ती माणसे त्यासाठीच बसत होती. त्यानंतर पुराच्या किंवा आगीच्या बंदोबस्ताला गेलो की मी ‘तुमचे काय गेले?’ असे विचारत नसे. ‘तुमच्या शेजारी कोण राहायचे?’ असे विचारत असे. माणसे तिथून बोलू लागत.