भंगारवाल्याचा काटा

रोह्यात आखातात निघालेल्या पोरांच्या बॅगा भंगारवाल्याच्या काट्यावर मोजल्या जातात. कारण जादा किलोला विमानवाले जे पैसे मागतात, त्यात अख्खं वरसे गाव जेवून वर पान खाईल. हा भंगारवाला नव्या बॅगेला शिवण्याआधी लुंगीला एवढा वेळ हात पुसायचा, की तेवढ्यात विमान दुबईला जाऊन परत यावं.

माझ्या पोराची बॅग जड भरली. त्यानं बूट ठेवले आणि आईनं निवडून दिलेले वाल-पोहे काढले.

"हे घरी नेऊन बायकोला काय सांगू?" मी म्हणालो.

"नेताय कशाला?" भंगारवाला म्हणाला. "आत दुकानात ठेवा. समदे ठेवतात. बूट काढलेला एक नाय बघितला मी."

आत पिशव्यांचा सह्याद्री उभा होता. पापडांना बुरशी, वालांना किडे.

"अहो, फेकत का नाही?"

त्यानं पुन्हा हात पुसले. "कुणाच्या तरी आयनं भरलंय, दादा. भंगारात कसं घालू?"

मी आमची पिशवी त्या ढिगावर ठेवली.

पोराचा फोन आला तेव्हा बायकोनं पहिलं विचारलं, "वाल केलेस का रे?"

"झक्कास झाले, आई."

दुसऱ्या दिवशी तिनं पुढच्या खेपेचे वाल उन्हात घातले.