रोमाची सिनेरारिया

मार्चमध्ये कुझ्मिच दारोदार हिंडायला लागला, तेव्हा गल्लीने आधी त्याच्या चालचलणुकीवरच संशय घेतला. बायको राईसा मोडलेल्या पायाला प्लास्टर घालून खिडकीशी बसलेली, आणि हा सत्तरीचा गडी दाढी करून, टोपी नीट बसवून एकेका फाटकातून आत शिरतोय. तेही बहुतेक विधवांच्याच. मार्चमध्ये आमच्याकडे चिखल आणि काळवंडलेला बर्फ सोडला तर दुसरी करमणूक नसते, त्यामुळे गल्ली खूश होती.

कुझ्मिचला हवी होती फक्त एक फांदी. सिनेरारियाची, बोटभर, पण जिवंत.

उन्हाळ्यात आमच्या प्रत्येक कुंपणापुढे, लाल साल्व्हियाच्या फुलांच्या पायाशी, सिनेरारियाच्या झालरीसारख्या कातरलेल्या पानांची रुपेरी किनार असते. ती सगळी राईसाच्या एकाच झुडपाची पैदास. ते तिच्या आणि कुझ्मिचच्या मुलाने, रोमाने आणलेलं. लष्करातून सुटून काळ्या समुद्राकडून घरी येताना त्याने लष्करी बुटात पायाला बांधायच्या पट्टीत, ती ओली करून, गुंडाळून एक काटकी आणली होती. तिकडे म्हणे ते बारा महिने रानासारखं वाढतं. पुढच्याच वर्षी हमरस्त्यावर ट्रकने रोमाला उडवलं. काटकीचं तोवर झुडूप झालं होतं.

तेव्हापासून राईसा दर शरदात ते खणून कुंडीत लावायची आणि तळघरात बटाट्यांशेजारी निजवायची. बर्फ वितळायला लागला की वर आणून त्याच्या फांद्या वाळूत, काचेच्या बरणीखाली रुजवायची, आणि मे महिन्यात गल्लीभर वाटायची. घेणारे आभार मानत नसत. रोपाचे आभार मानले की ते लागत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

या हिवाळ्यात राईसा पायरीवर घसरली आणि तळघर कुझ्मिचच्या ताब्यात आलं. जानेवारीत बटाट्यांना कुबट वास यायला लागला, म्हणून त्याने हवेचा झरोका उघडला, आणि तो उघडाच राहिला. त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. मार्चमध्ये तो कुंडी आणायला उतरला, तर झुडूप शिजवलेल्या पाल्यासारखं काळं आणि लिबलिबीत. कुंडी वर कधी आणतोस, असं राईसा रोज विचारायची, आणि अजून गारठा आहे असं हा रोज सांगायचा.

इतक्या घरांत वाटलंय, कुठेतरी एक तरी जगलं असेल, या हिशेबाने तो निघाला. पहिलं फाटक झोयाचं.

"फांदी? अरे, ते एका उन्हाळ्याचं झाड," झोया म्हणाली. "थंडी पडली की उपटायचं आणि उकिरड्यावर. मेमध्ये तुझी बायको नवं देतेच की."

"एका उन्हाळ्याचं नाही ते. जपलं तर जगतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"कोणी विचारलं नाही."

"बरं, ही काकड्यांची बरणी तरी ने. रिकाम्या हाताने गेलास तर लोक म्हणतील, झोयाने म्हाताऱ्याला उभंसुद्धा केलं नाही."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्याही घरी तेच. कुठे चहा मिळाला, कुठे थट्टा, फांदी कुठेच नाही. शेवटी तो दफनभूमीत गेला आणि रोमाच्या थडग्यावरचा बर्फ हातांनी उकरला. गेल्या उन्हाळ्यात तिथे लावलेल्या झाडांचे खुंट सापडले. नखाने खरवडून पाहिलं, आत हिरवं काही नव्हतं.

राहिली लेरा. रोमाशी तिचं लग्न ठरलं होतं. नंतर तिने रेल्वेतल्या एका माणसाशी केलं आणि ती स्टेशनाजवळच्या पाचमजली इमारतीत राहायला गेली. पहिलं रुजलेलं रोप रोमाने तिलाच दिलं होतं. तिच्या दारात जाणं कुझ्मिचने इतकी वर्षं टाळलं होतं.

लेराने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. खिडकीत दुधाच्या कापलेल्या खोक्यांतून टोमॅटोची रोपं दाटीने उभी होती. त्याने फांदी मागितली, तशी ती हातातलं फडकं पिळत राहिली.

"होतं, काका. सगळे हिवाळे मी ते याच खिडकीत सांभाळलं. नवरा कधी एका शब्दाने बोलला नाही. गेल्या शरदात मलाच वाटलं, आता पुरे. कचऱ्यात टाकवेना, म्हणून खाली बाकावर ठेवून आले, कोणी तरी नेईल म्हणून. सकाळी बघते तर कुंडी नेलेली, आणि झाड बाकाखाली फेकलेलं. रात्री गोठून गेलं होतं."

कुझ्मिच म्हणाला की तिचं काही चुकलं नाही. मग टोपी घालून तो निघाला.

घरी आला तर राईसाने खिडकीतून तोंडही वळवलं नाही.

"मेलं ना ते?"

"झरोका मीच उघडा ठेवला."

"पंधरा दिवस बघतेय तुला. प्रत्येक फाटकातून मान खाली घालून बाहेर येतोस. आज लेराकडे गेला होतास?"

"हो."

"आहे तिच्याकडे?"

"आहे," कुझ्मिच म्हणाला. "खिडकीत. चांगलं फोफावलंय."

"मग फांदी का नाही आणलीस?"

"माझ्याच्याने मागवेना."

राईसाने शालीचं टोक दोनदा नीट केलं.

"बरं केलंस. असू दे तिच्याकडे. पाय बरा झाला की मी रस्त्यावरूनच बघून येईन."

दुसऱ्याच दिवशी कुझ्मिचने बाजारातून सिनेरारियाच्या बियांची पुडी आणली. गल्लीसाठी, असं त्याने घरात सांगितलं, आणि गल्लीला रोपं मिळालीही. पण एक रोप त्याने कोठारात कुंडीत, राईसाला दिसणार नाही असं वाढवलं, आणि जूनमध्ये शर्टाआड धरून स्टेशनाकडे नेलं. राईसा रस्त्यावरून बघायला येईल, एवढंच त्याने लेराला सांगितलं. टोमॅटो एव्हाना बागेत गेले होते. मोकळ्या खिडकीत तिने ते बरोबर मधोमध ठेवलं.

जुलैत राईसा काठी टेकत निघाली. इमारतीपाशी पोचेपर्यंत दोनदा बसली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या लेराच्या खिडकीकडे मान वर करून उभी राहिली. कुझ्मिच बुटांच्या नाड्या बघत होता.

"पान रुंद झालंय," ती म्हणाली. "आपल्याचं बारीक कातरलेलं होतं."

"घरातला उजेड कमी पडतो."

"हो," राईसा म्हणाली. "कमी पडला की असं होतं."

वर लेरा खिडकीशी आली, दोघांना बघून तिथेच थबकली, आणि मग तिने कुंडी काचेच्या आणखी जवळ सरकवली. राईसाने काठीवरचा एक हात सोडून तिला हलवून दाखवला. मग तो हात तिने कुझ्मिचच्या दंडाखाली घातला आणि हळू चल म्हणाली, दम लागतोय.