पाणी येतं का?

दातेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी विचारायच्या, “तुमच्याकडे पाणी येतं का?” स्टुटगार्टमधली आम्ही मराठी मंडळी हसायचो. “अहो, जर्मनी आहे हे! चोवीस तास येतं.” त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, “नळाचं नाही हो. तळघरात.”

त्या विद्यापीठात पुराच्या धोक्याचे नकाशे करायच्या. पाऊस लागला की लोक घरात पळत, या छत्री घेऊन उतारावर उभ्या राहत आणि पाणी कुठे वळतं ते बघत.

२००५च्या सुमारास आम्ही टेकडीच्या उतारावर घर घेतलं. आईचे गुडघे दुखत, म्हणून तळघरातली बागेकडे उघडणारी खोली तिला दिली. दातेबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “काकूंना वर न्या.” मी विमा कंपनीचा नकाशा दाखवला. आमचं घर सर्वांत सुरक्षित पट्ट्यात होतं.

“हा नकाशा नदीला विचारून काढलाय. नदी तुमच्यापासून लांब आहे, खरंच. पण पाणी वरच्या रस्त्यानं येईल, आणि तुमची खिडकी रस्त्याच्या खाली आहे.”

“विमा कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं?” मी चिडून म्हणालो.

“या गल्लीपुरतं, गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या जर्मन-मराठी मिसळून म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. “काकू, गुडघे चढताना दुखतात की उतरताना?”

“उतरताना गं.”

“मग एकदाच चढा. जेवण, अंघोळ सगळं वरच आहे. उतरायचं कामच नको.”

आई खुदकन हसली आणि त्याच संध्याकाळी माझ्या नाकावर टिच्चून वर राहायला आली. मी आठवडाभर धुसफुसत होतो.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. वरच्या रस्त्यावरून लोंढा आला आणि तळघराची खिडकी फोडून आत शिरला. मी खाली धावलो. खोलीचं दार आतल्या पाण्यानं असं दाबून धरलं होतं की मला ते तसूभरही हलवता आलं नाही. ती आईची वामकुक्षीची वेळ होती. आई वर होती, हे ठाऊक असूनही मी दारावर धक्के मारत राहिलो.

भेटायला आलेल्यांना मी सांगितलं, “मला शंका आली होती, म्हणून आईला वर हलवलं.” दातेबाई समोरच बसल्या होत्या. “हो, देवधरांनी वेळेवर केलं,” माझ्याकडे बघून एवढंच म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला.

गेल्या वर्षी त्या वारल्या. शोकसभेत कुणीतरी म्हणालं, “बाई भल्या होत्या, पण उगाच घाबरवायच्या. दूरदृष्टी म्हणावी तर देवधरांची.” मी तेव्हाही गप्प बसलो. म्हणून आज लिहितो: आईला मी हलवलं नाही. मी अडवत होतो. तिला दातेबाईंनी हलवलं.

त्यानंतर आई बरीच वर्षं आमच्यात राहिली. मराठीला जर्मनमधून उत्तर देणाऱ्या नातीशी रोज भांडली, तिच्याकडून दोन जर्मन शिव्याही शिकली, आणि गेली ती आपल्या कोरड्या अंथरुणात, झोपेतच.