शिशाचा चष्मा

अकोल्याच्या एका हृदयरोग रुग्णालयात मी तंत्रज्ञ आहे. अँजिओग्राफी चालू असताना क्ष-किरणांच्या यंत्राशेजारी उभं राहायचं, हे माझं पंधरा वर्षांचं काम. बेचाळिसाव्या वर्षी भर उन्हात समोरचं दिसेनासं झालं. सावलीत आलो की पुन्हा दिसायचं. अमरावतीच्या नेत्रतज्ज्ञांनी तपासलं.

"मोतीबिंदू. भिंगाच्या मागच्या बाजूला. काम काय करता?"

मी सांगितलं, तसा डॉक्टरांचा चेहरा उजळला. बाहेर रांग लागलेली असताना त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मला इतिहास सांगायला घेतला. क्ष-किरण नवे होते तेव्हा ते हाताळणाऱ्यांची कातडी भाजली, मग डोळ्यांत मोतीबिंदू आले. पुढे अणूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना झाले, अणुबॉम्बमधून वाचलेल्यांना झाले. तरी थोड्या किरणांनी भिंगाला काही होत नाही, असंच बरीच वर्षं मानलं जायचं. सुरक्षित मर्यादा अलीकडे फार खाली आणली.

"तुमचा किरणांमुळेच झाला असं छातीठोक नाही सांगता येणार," ते म्हणाले, "पण केस सुंदर आहे!"

मी आभार मानले. कशाचे, ते अजून कळलेलं नाही.

"शिशाच्या काचेचा चष्मा लावत नव्हता?"

अंगावर शिशाचा एप्रन असायचा, गळ्याला पट्टी असायची. चष्मा मात्र जड, बाजूंनीही बंद, नाकावर वळ उठवणारा. आम्ही सगळ्यांनीच तो टाळला होता. परत येऊन शोधला, तर कँटीनमध्ये सापडला. तेल्हारा गावाकडची स्वयंपाकवाली मावशी तो लावून कांदे चिरत होती.

"मावशी, हा आमचा चष्मा आहे."

"चार वर्स झाले, वापरून राहिली मी. तवा काहून नाही आले?" तिनं तो काढलाही नाही. "तुमी नाही लावला, तुमचे डोये गेले. मी लावला, माह्या डोयात पाणीबी येत नाही. मंग कोणाले पायजे हा?"

मी बाजारातून पोहण्याचा चष्मा आणला. मावशीनं तो लावून दोन कांदे चिरले, विचार केला, तिसरा चिरला, आणि मग आमचा चष्मा धुऊन परत दिला.

शस्त्रक्रिया नीट झाली. तो चष्मा लावून कामावर रुजू झालो त्या दिवशी टेबलावर वलगावचे एक आजोबा होते. माझ्याकडे पाहून ते एकदम उठूनच बसले.

"काहून बाप्पा, वेल्डिंग करून राहिले का मले?"

त्यांना पुन्हा झोपवायला दोघं लागले.