तेर्त्तूने डिस्क पुसू दिली नाही

तेर्त्तू केकॅलाइनेनला कुणी "सोडून दे" म्हटलं की ती खुर्ची पुढे ओढून बसते. सरोवराकाठच्या आमच्या या लहानशा गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती शाळेची बस चालवायची तेव्हा बर्फाने रस्ता अडला, तर मुलांना आत गाणी म्हणायला लावून स्वतः फावडं घेऊन उतरायची. वडिलांच्या शेतीचे वाटे झाले तेव्हा भावांनी तिला एक गाय आणि शिवणयंत्र देऊ केलं. तिने दोन्हीला हात लावला नाही. सही अडवून बसली आणि पाण्यालगतची, सौना म्हणजे वाफेने घाम काढायची खोली असलेली पट्टी मिळवली. पुढे तेच भाऊ दर शनिवारी तिच्या सौनात घाम काढायला यायचे. "येऊ देत," ती म्हणायची, "मळ काही वाटणीत आलेला नाही, तो सगळ्यांनाच आहे."

आता ती सत्तरीच्या पुढे आहे. वसाहतीच्या तळघरात आम्हा बायकांची विणकामाची खोली आहे. तिथे मी तिच्या शेजारच्या मागावर चिंध्यांच्या सतरंज्या विणते. तिचा माग वेगळा. त्याला एक जुना लॅपटॉप जोडलेला असतो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, कुठले धागे कधी उचलायचे ते लॅपटॉप सांगतो. त्यासाठीचा प्रोग्राम शेजारच्या गावातल्या वेइक्को नावाच्या विणकाम शिक्षकाने लिहिला होता. वेइक्कोला देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली. त्याने प्रोग्राम ज्या डिस्कवर बसवून दिला तिथेच तो चालतो. दुसरीकडे नेला की किल्ली मागतो, आणि किल्ली देणारा माणूस आता नाही.

गेल्या शरदात तेर्त्तू चर्चसाठी पट्टी विणत होती. दारापासून वेदीपर्यंत मधल्या वाटेवर अंथरायची, लांबच लांब, पाण्याच्या लाटांच्या नक्षीची. ख्रिसमसआधीच्या पहिल्या उपासनेला ती अंथरायची असं ठरलं होतं. पट्टी निम्मी झाली आणि खोलीची कारभारीण मिर्या भिंतीवर कागद लावून गेली. जुन्या सिस्टीमला आता कंपनीकडून दुरुस्त्या मिळत नाहीत, तेव्हा असे संगणक खोलीतल्या इंटरनेटवर चालणार नाहीत, ते उचलून न्यावेत.

"नवा घे," मिर्या म्हणाली.

"नव्याला मागाची वायर बसत नाही. भोकच नाही तसलं."

"मग हातांनी विण. आपल्या आया विणायच्याच की."

"तुझी आई विणायची. माझी आई दुसऱ्यांच्या गाई धुवायची," तेर्त्तू म्हणाली. "आणि निम्मी पट्टी लॅपटॉपची नि निम्मी हाताची झाली, तर लाटा मधेच मोडतील. सगळं गाव रविवारी त्यावरून चालणार आहे."

बुधवारी वाचनालयात यॉर्मा बसतो. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, तेर्त्तूच्या जिन्यातलाच शेजारी. लोकांच्या जुन्या संगणकांवर लिनक्स नावाची नवी सिस्टीम फुकट घालून देतो. तेर्त्तूने लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. मला सोबत नेलं होतं, कारण लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली होती आणि प्लग सैल होता. "तू इथे बस," तिने मला सांगितलं, "आणि कुणाचा पाय लागू देऊ नकोस." मी प्लगपाशी खुर्ची टाकून बसले.

"जुनं राहू दे, शेजारी नवं घाल," तेर्त्तू यॉर्माला म्हणाली. "इंटरनेट नव्यातून, विणकाम जुन्यातून."

यॉर्माने लॅपटॉपला लिनक्सची यूएसबी काडी लावली, यंत्र सुरू केलं, थोडा वेळ बघत बसला. "शेजारी घालायचं म्हणतच नाहीये हे. एकच देतंय. सगळी डिस्क पुसून नवं घाला."

"का?"

"जुन्या पद्धतीची डिस्क आहे. हिचे मुख्य भाग चारच करता येतात, आणि चारही झालेत. पाचवा मागितला की उरलेली जागा निरुपयोगी म्हणून दाखवते." त्याने चष्मा वर केला. "पुसून टाकू या, तेर्त्तू. नक्ष्यांची नक्कल काडीवर घेऊन देतो."

"नक्ष्या उरतील. त्या वाचणार कोण, तू?"

"हट्टी आहेस."

"ते लग्नाआधीपासून. चार भाग कुणाकुणाचे ते सांग."

यॉर्माने बोट ठेवून दाखवलं. पहिला चिमुकला, यंत्र सुरू करण्याचा. दुसरा सगळ्यात मोठा, जुन्या सिस्टीमचा. मग शेवटी दोन, जवळजवळ सारख्याच आकाराचे. त्यातला एक लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने आपल्या जाहिराती नि फुकटच्या कॅलेंडरांसाठी राखलेला. दुसरा वेइक्कोने प्रोग्रामसाठी पाडून घेतलेला.

"म्हणजे लॅपटॉप माझा आणि त्यात कंपनीचं बिऱ्हाड?" तेर्त्तू म्हणाली. "भाडं तरी देते का?"

"तेच काढू या. एक स्थान मोकळं झालं की जमेल. जागा जुन्या सिस्टीमच्या मोठ्या भागातून कापून घेऊ." यॉर्माने शेवटच्या भागावर निशाण केलं. "कंपन्या आपलं नेहमी टोकाला ठेवतात."

तो कळ दाबणार, तोच तेर्त्तूने त्याचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, कारण तो "अगं बाई" म्हणाला.

"उघडून दाखव."

"तेर्त्तू, मी तीस वर्षं वायरी ओढल्यात."

"ओढ की. पण आधी दार उघड, आत कोण राहतं ते बघू."

यॉर्माने सुस्कारा टाकला नि शेवटचा भाग उघडला. आत तेर्त्तूने नक्ष्यांना दिलेली नावं रांगेने दिसली. सौनाचे टॉवेल. मिर्याच्या लेकीचं लग्न. चर्चच्या लाटा. त्या शेजारीच वेइक्कोचा प्रोग्राम. कंपनीची कॅलेंडरं त्याच्या आधीच्या भागात होती.

यॉर्माचे कान लाल झाले होते. मी प्लगपाशी बसल्या बसल्या मनात हात जोडले. तेर्त्तूने त्याच्याकडे वेलदोड्याचा गोड पाव सरकवला. "खा. मग कंपनीला बाहेर काढ."

कंपनी गेली. पण मोठा भाग लहान करायला गेल्यावर यंत्राने पुन्हा नकार दिला. जुनी सिस्टीम नीट बंद झालेली नाही, हात लावणार नाही.

"मी स्वतः बंद करून आणलाय," तेर्त्तू म्हणाली.

"ती बंद होत नाही गं, पडून राहते. सकाळी लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपते."

"बंद हो म्हटलं की बंद व्हायचं. शाळेची पोरं ऐकायची, ही कोण लागून गेली?"

यॉर्मा हसला. जुनी सिस्टीम पुन्हा उघडली, तिची ती अर्धवट झोपेची सवय मोडली, नक्ष्यांची नक्कलही घेतली. मग मोठा भाग कापायला घेतला. पडद्यावर रेघ मुंगीच्या चालीने सरकत होती. वाचनालयातल्या बाई दिवे घालवायला आल्या तर तेर्त्तूने त्यांना आपल्या थर्मासमधली कॉफी ओतून दिली. मी प्लगवरचा हात काढला नाही. वीज मधेच गेली असती तर वाटणीला काहीच उरलं नसतं.

संपलं तेव्हा यंत्र सुरू होताना दोन सिस्टीमची नावं दाखवून कुठली हवी ते विचारू लागलं. तेर्त्तूने जुनं निवडलं. वेइक्कोच्या प्रोग्रामने किल्ली मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन खोलीत आली. मिर्या दारातच उभी होती.

"कागद वाचला नाहीस का?"

"वाचला. नवं घातलंय. इंटरनेटवर तेच जाईल."

"आणि जुनं? आत आहेच ना? मी कसा भरवसा ठेवू?"

तेर्त्तू मागाखाली वाकली, भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली आणि वेटोळं करून मिर्याच्या हातात दिली. "मी विणत असेन तोवर ही तुझ्याजवळ. गळ्यात घाल हवं तर. पण लॅपटॉप इथून हलणार नाही, आणि मीही हलणार नाही."

मिर्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्या आपापल्या धाग्यांत मान घालून होतो. "ख्रिसमसपर्यंत," ती म्हणाली.

"बघू," तेर्त्तू म्हणाली आणि पायाखालचा मागाचा पायटा दाबला. धागे उचलले गेले. तिने धोटा टाकला आणि जिथे लाट थांबली होती तिथून ती पुढे निघाली.